झेनोबिया : बंदिनी, पाडाव की धिंड?

प्रश्न असा आला आहे : अमेरिकन शिल्पकार हॅरिएट हॉस्मरने 1859 मध्ये घडवलेल्या झेनोबियाच्या संगमरवरी पुतळ्याचं ('Zenobia in Chains') नाव मराठीत 'बंदिनी झेनोबिया' असं लिहिलं तर चालेल का? आणि रोममध्ये झेनोबियाला ज्या मिरवणुकीत चालवलं, तिला विजययात्रा म्हणावं की धिंड?

आधी 'बंदिनी'. हा शब्द मला इथे नकोसा वाटतो. बंदिनी म्हटलं की चार भिंतींत कोंडलेली, सोसणारी बाई डोळ्यांपुढे येते. झेनोबिया सीरियातल्या पाल्मिराची राणी. तिच्या फौजांनी थेट इजिप्त घेतला होता. इ.स. 272 मध्ये रोमन सम्राट ऑरेलियनने तिचा पराभव केला, आणि इराणच्या आश्रयाला निघालेली असताना ती युफ्रेटिसच्या काठी पकडली गेली. त्या क्षणासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : पाडाव. आज आपण 'शत्रूचा पाडाव केला' असं म्हणतो, म्हणजे पराभव. जुन्या मराठीत मात्र माणूस, हत्ती, घोडा लढाईत हाती लागला की तो 'पाडाव झाला' म्हणत. पाडाव म्हणजे शत्रूच्या हाती पडणं. त्यानंतरची वर्षं ती कैद. 1689 मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाई पाडाव झाल्या, आणि पुढे 1719 पर्यंत कैदेत होत्या. दोन अवस्था, दोन शब्द.

आता मिरवणूक. 274 मधल्या त्या सोहळ्याबद्दल एक लॅटिन चरित्रग्रंथ सांगतो, की तिच्या हातापायांत सोन्याच्या बेड्या होत्या आणि अंगावर इतकी रत्नं, की त्या भाराने तिला चालवेना. (झोसिमस हा इतिहासकार तर म्हणतो, की ती रोमला पोचण्याआधीच वारली.) ऑरेलियनच्या बाजूने पाहिलं तर ही विजययात्राच. झेनोबियाच्या बाजूने पाहिलं तर धिंड. मिरवणूक एकच, पण ती कोणाची हे मराठी शब्दातच सांगून टाकते, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून 'झेनोबियाची विजययात्रा' असं कधीही लिहू नये.

मग पुतळ्याला 'झेनोबियाची धिंड' म्हणावं का? तेही नको. धिंडीला बघे लागतात. हॉस्मरने गर्दी, रथ, सम्राट सगळं वगळलं. राणी एकटी आहे, डोक्यावर मुकुट, नजर खाली, आणि हातातली साखळी तिने स्वतः सावरून धरली आहे, लांब वस्त्राचा घोळ सावरावा तशी. ग्रंथातली झेनोबिया अडखळते, हॉस्मरची ठाम पाऊल टाकते. धिंडीतून तिने धिंडच काढून टाकली आहे.

माझं मत 'साखळदंडातली झेनोबिया' या नावाला. 'जेरबंद' हा शब्दही सुचवला जाईल, पण तो मुळात घोड्याच्या साजातला पट्टा, घोड्याने मान वर उडवू नये म्हणून बांधलेला. आणि आता तो चोर आणि बिबट्यांच्या बातम्यांत इतका रुळला आहे, की राणीला शोभणार नाही. 'बेड्यांतली' चुकीचं नाही. पण बेडी म्हटलं की मनगट दिसतं, आणि या पुतळ्यात डोळा ठरतो तो दोन मनगटांमधल्या, तिने उचलून धरलेल्या साखळीवर.