भाच्याच्या मनगटावर माझी नाडी

ताई,

माझं वय ५६. वडिलांचं चावीचं घड्याळ गेली सहा वर्षं, म्हणजे ते गेल्यापासून, माझ्या हातावर होतं. सकाळी दात घासून झाले की ते चावी द्यायचे, मीही तसंच करत आलो. दिवसाला सात-आठ मिनिटं मागे पडतं. सकाळी काटे पुढे करून घेतो, त्याचं मला काही वाटत नाही.

मागच्या वर्षी छातीत धडधडून चक्कर आली. ठोके अधूनमधून अनियमित पडतात, लक्ष ठेवायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. झालं! मुलीने स्मार्टवॉच आणलं, माझ्या हातावर चढवलं आणि वडिलांचं घड्याळ कपाटात गेलं. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते, पण माझे सगळे आकडे तिच्या फोनवर जातात. रोज रात्री फोन. "बाबा, आज फक्त ३,००० पावलं?" "बाबा, रात्री दोनला जागे का होतात?" जीव नकोसा झाला.

शेवटी एका रविवारी ते घड्याळ मी माझ्या बारा वर्षांच्या भाच्याच्या हातावर बांधलं आणि वडिलांचं घालून निवांत वाचत पडलो. भाचा दिवसभर फुटबॉल खेळला. रात्री मुलीने विचारलं, दिवसभर काय केलंत? म्हटलं, वाचत पडलो होतो. तिच्या फोनवर पावलं १९,००० आणि नाडी १७८! ती रातोरात गाडी पकडून आली. खरं कळल्यावर आधी रडली, मग भांडली. तीन आठवडे झाले, कामापुरतंच बोलते.

सांगा, कोणतं घड्याळ घालू? दोन हातांत दोन घड्याळं घालून फिरणं मला जमणार नाही.

– चावीवाला

दादा,

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, हे कबूल करते. मग तुमच्या मुलीच्या जागी बसून पुन्हा वाचलं. त्या रात्रीच्या गाडीत तिच्या डोक्यात काय काय आलं असेल? नाडी १७८, पावलं १९ हजार, आणि बाप सांगतोय मी पडून होतो. म्हणजे एक तर बाबांचं हृदय बिघडलं, नाहीतर कुठे कुठे भटकून आलो हेही त्यांना आठवत नाही. ती रडली ते तुम्ही फसवलंत म्हणून नसावं. तुम्ही धडधाकट दिसलात म्हणून असावं. भांडण मागाहून सुचलं.

तुम्ही सरळ विचारलंत, तर सरळ सांगते. सध्या स्मार्टवॉच घाला. वडिलांच्या घड्याळाबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण त्याच्याकडे तुमचं जरा दुर्लक्षच झालंय असं मला वाटतं.

स्मार्टवॉच का, ते आधी सांगते. तुमच्या जागी धडधाकट माणूस असता तर मी म्हटलं असतं, आवडेल ते घाला, सोडा विषय. तुमची गोष्ट वेगळी आहे. अनियमित ठोक्यांचा त्रास बऱ्याचदा येतो आणि जातो. दवाखान्यात टेबलावर आडवे पडलात की ठोके शहाण्या मुलासारखे ओळीत उभे राहतात, ईसीजी स्वच्छ येतो, आणि घरी परतल्यावर पुन्हा धडधड सुरू. घड्याळाचा खरा उपयोग इथे आहे, धडधडेल त्या क्षणी ते तुमच्या हातावर असतं. त्याच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकताना पाहिलाय ना? रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून घड्याळ ठोके आणि त्यांच्यामधलं अंतर मोजतं. ज्यांत ईसीजीची सोय असते, त्यांत दुसऱ्या हाताचं बोट टेकवून अर्धा मिनिट शांत बसलं की नोंद तयार होते आणि ती डॉक्टरांना दाखवता येते. तुमच्या घड्याळात ही सोय आहे का, ते पाहून घ्या, सगळ्यांत नसते. पडलात तर मदत मागवणारी सोयही काही घड्याळांत असते, पण ती आपोआप चालू असेलच असं नाही. सेटिंग्जमध्ये शोधावी लागते.

पट्टा सैल ठेवाल तर हे सगळं फुकट. मनगटाच्या हाडाच्या जरा वर, हलणार नाही इतपत घट्ट बांधा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हे घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही. छातीत दुखलं, दरदरून घाम आला, श्वास लागला, तर घड्याळाकडे बघत बसायचं नाही. ते "सगळं ठीक" म्हणालं तरी तडक दवाखाना गाठायचा.

तुम्हाला छळणारी पावलं हा मात्र वेगळाच मामला आहे, आणि त्यात मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. १०,००० पावलं हा आकडा कुठून आला, ठाऊक आहे? १९६५ मध्ये जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव होतं 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. विकायला सोपा, बोलायला गोल आकडा. पुढे ते जगभर डॉक्टरी नियमासारखं पसरलं. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास छापला. रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये २,७०० चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास पोहोचल्यावर फायदा वाढायचा थांबत होता. अभ्यास वयस्क बायकांचा आहे, तुम्हाला जसाच्या तसा लावू नका. पण ३,००० वर तुम्ही आज गुन्हेगार ठरत असाल, तर हजार-दीड हजार पावलं वाढवणं हे दहा हजारांच्या नावाने रोज रात्री मान खाली घालण्यापेक्षा बरं, एवढं तरी त्यातून घेता येईल. किती चालायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मुलीने ठरवायचं नाही, घड्याळानेही नाही.

झोपेचंही तेच. माझंच सांगते. एकदा सकाळी मी टवटवीत उठले. घड्याळाने झोपेला शंभरपैकी ५४ गुण दिलेले. तो आकडा पाहिल्यापासून मी दिवसभर जांभया देत होते! मला वाटलं मीच खुळी. पण झोपेच्या आकड्यांच्या मागे लागून झोप बिघडवून घेणाऱ्यांसाठी २०१७ मध्ये काही संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असा शब्दच काढला होता. त्या दिवसापासून झोपेचे गुण मी बंद करून टाकलेत. तुम्हीही करा. रात्री दोनला का जागे होतात, याचं उत्तर छप्पन्न वर्षांच्या माणसाने कुणाला द्यावं लागू नये.

आता खरी गाठ. हाताच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. तुमच्या काकणाचा आरसा मात्र दुसऱ्या गावी टांगलाय, आणि त्यात तुमच्याआधी दुसरंच कुणीतरी बघतंय. मुलीने काळजीपोटी केलं, मान्य. पण काय काय दिसावं हे तुम्हाला कुणी विचारलंच नाही, आणि तुम्हीही "हे नको" असं तोंडाने म्हटलं नाहीत. बोलायचं राहिलं ते भाच्याच्या मनगटावर गेलं. तुमची चीड घड्याळावर आहे असं तुम्हाला वाटतंय, पण तेच घड्याळ फक्त तुम्हालाच आकडे दाखवत असतं तर तुम्ही ते भाच्याला बांधलं असतं का?

बहुतेक घड्याळांच्या अ‍ॅपमध्ये कुणाला काय दाखवायचं हे निवडता येतं. मुलगी आली की तिच्यासमोर बसून ते निवडा, तिच्या पाठीमागे नको. ठोके अनियमित असल्याचा इशारा, पडल्याचा इशारा, एवढं तिच्याकडे जाऊ द्या. पावलं, झोप, कॅलरी सगळं बंद. आणि तिला शब्द द्या की धडधडलं तर त्याच दिवशी, तिने विचारायच्या आधी, तुम्ही फोन कराल. हा शब्द पाळणं तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. "काही नाही गं, बरा आहे" ही तुमची सवय पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसते. पण तिला आकडे हवे झाले ते याच सवयीमुळे. तुम्ही आपणहून सांगत गेलात, तर आकडे बघायची तिची असोशी कमी होईल असं मला वाटतं. लगेच नाही होणार. एक चूक तिच्या बाजूचीही आहे, ती मी तिलाही सुनावली असती: बापाशी रोज बोलायचं तर पावलांशिवाय दुसरा विषय काढायचा.

आता वडिलांचं घड्याळ. दिवसाला सात-आठ मिनिटं मागे पडतं आणि "त्याचं काही वाटत नाही" म्हणता? मला वाटलं! दिवसाच्या १,४४० मिनिटांत सात म्हणजे हजारात पाच, हे ऐकायला फार नाही. पण स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं, म्हणजे अगदी अचूक घड्याळाचं, प्रमाणपत्र देताना रोजची सरासरी चूक चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढीच चालवून घेतात. जुन्या साध्या घड्याळाकडून ती अपेक्षा नको, तरी मिनिटांनी मागे पडणं हे म्हातारपण नव्हे, आजारपण आहे. बहुधा आतलं तेल वाळलंय. चावीच्या जुन्या घड्याळातलं चाक बहुतेक वेळा तासाला १८,००० ठोके देतं, सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार. तेल नसलेल्या यंत्राला तुम्ही रोज सकाळी मायेने चावी देता आणि पुढचे चोवीस तास त्याचे भाग एकमेकांवर झिजतात. सहा वर्षांत सर्व्हिसिंगचा शब्दही तुमच्या पत्रात नाही.

स्वतःचे ठोके तपासून घेतलेत, आता त्याचेही घ्या. चांगल्या घड्याळजीकडे टाइमग्राफर नावाचं यंत्र असतं. घड्याळ त्यावर ठेवलं की मायक्रोफोन टिकटिक ऐकतो आणि पडद्यावर रेघ उमटते. ईसीजीच म्हणा ना. रेघ सरळ की वाकडी, ते तुम्हालाही दिसेल. उघडून, साफ करून, तेल देऊन घ्या. पण देताना दोन गोष्टी बजावून सांगा: तबकडी रंगवायची नाही आणि बाहेरच्या धातूच्या डबीला पॉलिश करायचं नाही. नाहीतर कौतुकाने चकचकीत करून देतील आणि वडिलांच्या हाताने पडलेला प्रत्येक ओरखडा पुसला जाईल. जुने काटे अंधारात चमकणारे असतील, तर तेही सांगून ठेवा. कधीकाळी त्या रंगात रेडियम वापरायचे, घरी खरवडायला जाऊ नका. परत आल्यावर पाण्यापासून जपा. आणि स्मार्टवॉचच्या चार्जरशेजारी ठेवू नका, त्यात चुंबक असतं. चुंबक लागलं तर केसाएवढ्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि मागे पडणारं घड्याळ एकदम पुढे धावायला लागतं. घाबरू नका, घड्याळजी ते काही मिनिटांत उतरवून देतो.

सर्व्हिसिंगला जे काही दिवस लागतील, त्या दिवसांत तुमच्या हातावर स्मार्टवॉचच राहील, म्हणजे भांडणही आपोआप मिटतं. नंतर? चावी द्यायला मनगट लागत नाही, दादा. दात घासून झाले की टेबलावरचं घड्याळ उचला, चावी द्या, कानाला लावा, ठेवून द्या. तुम्हाला दिवसभर लागतं ते वडिलांचं घड्याळ, की सकाळचं ते अर्धं मिनिट? मला तर ते अर्धं मिनिटच वाटतं, पण तुम्ही घालून बघून ठरवा. स्मार्टवॉच चार्जिंगला लागेल तो तास-दीड तास वडिलांचं घड्याळ हातावर असू द्या. जिथे फोन आणि आकडे नकोसे वाटतात अशा एखाद्या दिवशी पूर्ण दिवसही घाला, फक्त मुलीला आधी सांगून. "आज आजोबांचं घातलंय" एवढा एक निरोप पुरे.

ते हातातून काढलं की वडिलांना सोडल्यासारखं वाटतं, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्रातल्या "कपाटात गेलं" या दोन शब्दांत ते मला ऐकू आलं. वडील ते घालत होते ते वेळ बघायला. त्यांच्या काळी त्याहून चांगली सोय नव्हती. पुढे-मागे ठोक्यांचा त्रास त्यांना झाला असता आणि डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं, ते तुम्हालाच ठाऊक. आणि स्मार्टवॉच पाच-सात वर्षांत भंगारात जाईल, असं तुमच्या मनात आलंच असेल. जाईल. त्याची बॅटरी दमेल, अपडेट यायचे बंद होतील. औषधाची बाटलीही संपतेच, म्हणून कुणी औषध टाळत नाही.

एक काम आजच उरकून टाका. त्या रविवारच्या नोंदी अ‍ॅपमधून पुसून टाका. डॉक्टरांसमोर ठेवायच्या कागदांत बारा वर्षांच्या पोराची नाडी नको. भाच्याला आधी कल्पना द्या मात्र, १९ हजार पावलांचा त्याचा विक्रम तुमच्या खात्यातून जातोय.

– ताई