हा बफर आत्ता कोणाच्या ताब्यात आहे?

नेटवर्क ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मेमरी या विषयावर यावेळी बरीच पत्रं आली, बहुतेक ठाणे-बेलापूर पट्ट्यातून. त्यातली पाच घेतली आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे उत्तर लिनक्सचं समजावं.

पॅकेट आलं की मेमरी मागायची, काम झालं की सोडायची, एवढं पुरे नाही का? ड्रायव्हर आधीपासून शेकडो बफर (पॅकेट ठेवायच्या मेमरीतल्या जागा) का अडकवून ठेवतो?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, ऐरोली

कारण पॅकेट येतं तेव्हा तुमचा कोड चालूच नसतो. कार्ड डीएमएने, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता, थेट रॅममध्ये लिहितं आणि कुठे लिहायचं तो पत्ता त्याला आधीच लागतो. म्हणून रिंगमधल्या (कार्ड आणि ड्रायव्हर दोघे वापरतात ती गोल यादी) प्रत्येक डिस्क्रिप्टरला, म्हणजे त्या यादीतल्या नोंदीला, एक रिकामा बफर जोडून ठेवतात. शिवाय वेळेचं गणित बघा. १० गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटच्या फ्रेम सलग आल्या तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख होतात, म्हणजे फ्रेममागे जेमतेम ६७ नॅनोसेकंद. तेवढ्यात दरवेळी मेमरी वाटणाऱ्या ॲलोकेटरचं दार ठोठावणं परवडत नाही. २०१८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल ४.१८ मध्ये आलेला ‘पेज पूल’ त्यासाठीच आहे. वापरलेली पानं परत न करता तो तिथल्या तिथे फिरवतो.

एक नियम मात्र आत्ताच अंगवळणी पाडा. बदली बफर मिळाल्याशिवाय भरलेला वर पाठवू नका. नाहीच मिळाला तर आलेलं पॅकेट टाका आणि तोच बफर रिंगला परत लावा. एक पॅकेट गेलं तर टीसीपी ते पुन्हा पाठवून घेईल. रिंग रिकामी झाली तर पॅकेट नाही, म्हणून इंटरप्ट (कार्डाची सीपीयूला हाक) नाही, म्हणून रिंगचा भरणाही नाही, आणि इंटरफेस कायमचा गप्प.

आमचा ड्रायव्हर इंटेलच्या पीसीवर महिनोन्‌महिने नीट चालतो. एआरएम बोर्डवर मात्र अधूनमधून पॅकेटचा एखादा तुकडा जुन्याच डेटाचा निघतो. कार्ड खराब आहे का?
— एम्बेडेड इंजिनिअर, महापे

कार्डाला दोष देऊ नका. पीसीवर कॅश (सीपीयूजवळची छोटी, जलद मेमरी) आणि डीएमए यांचा मेळ हार्डवेअर स्वतः घालतं, त्यामुळे तिथे चूक झाकली जाते. अनेक एआरएम चिपवर तो मेळ ड्रायव्हरनेच घालायचा असतो. खराब तुकडा ३२ किंवा ६४ बाइटचा असेल, तर ती कॅश लाइनच समजा, म्हणजे कॅशमध्ये एका वेळी ये-जा करणारा तुकडा.

बफर कार्डाच्या ताब्यात देणारं ‘डीएमए मॅप सिंगल’ हे फंक्शन म्हणजे लीव्ह अँड लायसन्सवर दिलेला फ्लॅट. करार चालू असेपर्यंत मालकानेही आत पाऊल टाकायचं नाही. वाचण्याआधी ‘अनमॅप’ किंवा ‘सिंक फॉर सीपीयू’, तोच बफर पुन्हा कार्डाला देताना ‘सिंक फॉर डिव्हाइस’, आणि दिशा प्रत्येक वेळी ‘फ्रॉम डिव्हाइस’. तुमच्या वर्णनावरून पहिला संशय इथेच जातो.

दुसरा संशय स्ट्रक्चरवर. बफर त्याच्याच पोटात ठेवला असेल आणि शेजारी एखादा काउंटर असेल, तर काउंटरची कॅश लाइन परत लिहिली जाताना कार्डाने टाकलेला ताजा डेटा पुसला जातो. बफर वेगळा घ्या.

तिसरी जागा डिस्क्रिप्टरची. ओनरशिप बिट (डिस्क्रिप्टर कोणाच्या ताब्यात ते सांगणारा) आपल्याकडे आला हे पाहिल्यावर ‘डीएमए आरएमबी’ (वाचनांचा क्रम राखणारा अडसर), मगच लांबी वाचायची. कार्डाला देताना आधी पत्ता आणि लांबी, मग ‘डीएमए डब्ल्यूएमबी’ (लिहिण्याचा क्रम राखणारा), बिट सगळ्यात शेवटी. कर्नल बांधताना डीएमए एपीआय डीबग चालू ठेवलंत तर मॅपिंगच्या बऱ्याच चुका तेच दाखवून देईल.

गेटवेवर ‘स्लॅबटॉप’मध्ये (कर्नलची मेमरी कशात गेली ते दाखवणारं साधन) एसकेबफची (लिनक्समधलं पॅकेटचं स्ट्रक्चर) संख्या वाढतच जाते. केबल काढून लावली की जास्तच. लीक, म्हणजे न सोडलेली मेमरी, शोधायची कुठे?
— फर्मवेअर टीम, वागळे इस्टेट

केबलचा उल्लेख केलात ते बरं झालं. लिंक गेली तेव्हा पाठवण्याच्या रिंगमध्ये काही पॅकेटं अर्धवट राहतात. त्यांचं ‘पाठवलं’ हे उत्तर कधीच येत नाही. तुमचा रिसेट कोड हेड आणि टेल (रिंगमधल्या पुढच्या-मागच्या जागा दाखवणारे आकडे) शून्यावर आणून मोकळा होत असेल, तर त्या एसकेबफचे पॉइंटर नव्या पॉइंटरखाली गडप होतात. रिसेट आणि स्टॉप, दोन्हीकडे आधी रिंगभर फिरून प्रत्येक बफर अनमॅप करा, सोडा, मगच शून्य करा.

पाठवण्याचं फंक्शनही एकदा तपासा. ‘टीएक्स ओके’ परत केलं की पॅकेट तुमचं, ‘टीएक्स बिझी’ परत केलं की कर्नलचं. डीएमए मॅपिंग फसलं तर पॅकेट स्वतः सोडून ‘ओके’ सांगायचं. न सोडता ‘ओके’ म्हणजे लीक. सोडून ‘बिझी’ म्हणजे त्याहून वाईट, कारण कर्नल तेच मेलेलं पॅकेट पुन्हा हातात देतो. खरं तर ‘बिझी’पर्यंत वेळच येऊ नये. एका मोठ्या पॅकेटपुरते डिस्क्रिप्टर उरले नाहीत की क्यू आधीच थांबवावी.

पॅकेट ड्रॉप होतात. सहकारी म्हणतो, रिसीव्ह रिंग सरळ ४०९६ कर. करू का?
— सिस्टिम ॲडमिन, रबाळे

आधी ‘ईथटूल’ या कमांडमध्ये उणा मोठा एस देऊन काउंटर बघा. ड्रॉप फक्त अचानक लोंढा आल्यावर होत असतील तर मोठी रिंग उपयोगी पडते. एखादा कोर सतत शंभर टक्क्यांवर असेल तर ४०९६ झाले काय आणि ५१२ राहिले काय, ड्रॉप थोडे उशिरा होतील इतकंच. तिथे क्यू वेगवेगळ्या कोरवर वाटा. २ केबीचा बफर धरला तर ४०९६ म्हणजे एका क्यूमागे ८ एमबी. १६ क्यूंना १२८ एमबी, आणि एवढं कॅशमध्ये मावत नाही. पाठवण्याची रिंग मात्र उगाच फुगवू नका, तिथे पॅकेटं रांगेत उभी राहून लेटन्सी, म्हणजे पोचायला लागणारा वेळ, वाढते.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा एमबफ एसकेबफपेक्षा चांगला का?
— वाचक, नौपाडा

वेगळा आहे. एमबफ साधारण २५६ बाइटचा, मोठ्या डेटासाठी २०४८ बाइटचा क्लस्टर, आणि पॅकेट म्हणजे त्यांची साखळी. एसकेबफमध्ये माहिती एकीकडे आणि डेटा दुसरीकडे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला मॅप, अनमॅप, सोडणं ही कटकट दोन्हीकडे सारखीच. फ्रीबीएसडीवर लीकचा संशय आला तर ‘नेटस्टॅट’ला उणा एम देऊन बघा.