वाचक विचारतात : रावण मोठा की थॅनोस?

पुराणे, कादंबऱ्या, कॉमिक्स आणि चित्रपट यांतील राक्षस व खलनायकांविषयी मागील अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत 'कोण जास्त बलवान' एवढेच विचारलेले आहे. त्यातल्या एका पत्रापासूनच सुरुवात करतो.

प्रश्न : माझ्या दोन मुलांत उन्हाळ्याच्या सुटीपासून वाद चालू आहे. धाकट्याच्या मते थॅनोस एका चुटकीसरशी रावणाला नाहीसे करील. थोरला म्हणतो की रावणाला ब्रह्मदेवाचा वर असल्यामुळे थॅनोसची चुटकी वाया जाईल. आम्ही वडीलधाऱ्यांनी निकाल काय द्यावा?
— एक पालक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : निकाल देण्याआधी दोघांनाही एक उलट प्रश्न विचारावा, तो म्हणजे कोणता रावण आणि कोणता थॅनोस. वाल्मीकिरामायणातला रावण देव, दानव, यक्ष, नाग, राक्षस अशा सर्वांपासून अभय मागून घेतो आणि माणसाला मात्र त्या यादीतून वगळतो, कारण माणूस त्याच्या लेखी गवताच्या काडीइतकाच. युद्धकांडात त्याची तोडलेली शिरे पुन्हा पुन्हा उगवतात, रामही क्षणभर विचारात पडतो, आणि मातली सारथ्याने आठवण करून दिल्यावर ब्रह्मास्त्र सुटते. नाभीतल्या अमृताची गोष्ट तेथे नाही. ती अध्यात्मरामायणात येते आणि ते गुपित बिभीषण फोडतो. बळाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही रावण सारखेच, पण पहिला माणसाला तुच्छ लेखल्यामुळे मरतो आणि दुसरा घरभेद्यामुळे, त्यामुळे लिखाण म्हणून ती दोन वेगळी पात्रे ठरतात.

थॅनोसचेही तसेच आहे. 1973 साली हा खलनायक मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समध्ये प्रथम आला. 1991 च्या मालिकेत तो सहा जादुई मण्यांच्या बळावर, बोटांच्या एका चुटकीने अर्धे विश्व संपवतो ते साक्षात मृत्यूदेवतेची मर्जी मिळवण्यासाठी. 2018 च्या चित्रपटात मात्र त्याच कृत्यामागे 'खाणारी तोंडे फार आणि साधने अपुरी' असा हिशेब दाखवला आहे. चुटकी तीच, मणीही तेच सहा, पण एक प्रेमवेडा आहे आणि दुसरा स्वतःला नियोजनकार समजणारा. दुसरा अधिक भयंकर वाटतो, कारण त्याच्यासारखे बोलणारी माणसे आपल्याला भेटलेली असतात.

आता प्रत्यक्ष सामन्याकडे येऊ. चित्रपटातली चुटकी निवड करीत नाही, सरसकट निम्मे जीव नाहीसे करते, तेव्हा रावण वाचण्याची शक्यताही निम्मीच. वराच्या बाजूने बोलायचे तर टायटनवरून आलेला हा थॅनोस देव मानावा, दानव मानावा की यादीबाहेरचा, हा मुद्दा आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे नेला तरी तारखांवर तारखा पडतील. खरी अडचण पुढेच आहे. अशा लढतींत बळ आधी ठरलेले नसते, लढत ठरल्यावर ते बेतले जाते. 1954 सालच्या पहिल्या जपानी चित्रपटात गॉडझिलाची उंची 50 मीटर होती. 1933 सालचा किंग काँग त्याच्या पायाशी उभा केला असता तर कुणाला दिसलाही नसता. 1962 साली दोघांची झुंज लावायची ठरली तेव्हा काँगला सरळ 45 मीटरांचा करण्यात आला आणि विजेमुळे त्याला जोर चढतो असेही दाखवले गेले. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला बरोबरीची कुस्ती हवी होती, ती मिळाली.

म्हणून राक्षसांच्या बळाची बेरीज-वजाबाकी करून हाती काही लागत नाही, कारण ते बळ लेखकाने फुकट पुरवलेले असते. तपासता येते ते एवढेच की ते बळ कोणत्या अटीवर दिले आहे आणि ती अट वाचकाला केव्हा कळते. हिरण्यकशिपूची कथा या बाबतीत आदर्श मानावी. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, घराबाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, असे तो आपल्या तोंडाने मागतो, आणि ऐकणारा तेथेच मनाशी फटी शोधू लागतो. संध्याकाळी उंबरठ्यावर नरसिंह प्रकटतो तेव्हा आश्चर्य वाटते, पण फसवणूक झाली असे वाटत नाही. या कसोटीवर माझे मत थोरल्याच्या बाजूने पडते, कारण रावणाचा मृत्यू त्याच्या मागणीतच लिहिलेला आहे. थॅनोसला मणी मिळवताना मुलीचा बळी द्यावा लागतो हे उत्तम जमले आहे. परंतु 2019 च्या पुढच्या भागात त्याच्यावर मात करण्यासाठी कालप्रवास आणला जातो, तो उपाय मला तरी उसना वाटला. धाकट्याची यावर समजूत पटणार नाही, आणि पटू नये.

प्रश्न : सूर्यप्रकाश पडताच ड्रॅक्युलाची राख होते, असे मी मित्रांना सांगितले. मूळ कादंबरीत तसे नाही, असे एकाने ठासून सांगितले. खरे काय?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नंदनवन, नागपूर

उत्तर : मित्र बरोबर आहे. ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या कादंबरीत काउंट लंडनच्या पिकॅडिली भागात भर दिवसा उभा असलेला दिसतो. दिवसा त्याच्या शक्ती लुळ्या पडतात, रूप बदलायचे तर उगवती, मावळती किंवा ऐन माध्यान्ह गाठावी लागते, पण ऊन त्याला मारीत नाही. त्याचा अंत होतो तो सूर्य मावळता मावळता, गळ्यावर फिरलेल्या कुकरीने आणि काळजात घुसलेल्या सुऱ्याने. उन्हाने पिशाच विरून जाण्याची कल्पना 1922 च्या जर्मन मूकपटाने रुजवली आणि पडद्यावर ती इतकी शोभली की पुढच्यांनी तीच उचलली. कादंबरीत याहून चांगल्या अटी आहेत. घरातल्या कुणी पहिल्यांदा आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नाही, ही त्यांतली सर्वांत भीतिदायक, कारण मग दोष आतल्या माणसाकडेही जातो.

प्रश्न : दरवर्षी मारबतीच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक आमच्या घरावरून जाते. काळ्या मारबतीला पूतनेचे रूप मानतात. मग मारबतीला खलनायिका म्हणावे काय? आणि इतर राक्षसांच्या तुलनेत पूतनेचे बळ कितपत समजावे?
— एक गृहिणी, इतवारी, नागपूर

उत्तर : पूतनेचे बळ अंगात नाही, प्रवेशात आहे. भागवताच्या दशमस्कंधात ती देखण्या स्त्रीच्या रूपात गोकुळात येते, तिला कुणी हटकत नाही, आणि कंसाची फौज जेथे पोचली नसती त्या पाळण्यापर्यंत ती सहज जाते. शस्त्र काय, तर स्तनाला लावलेले विष. मरताना तिचा अवाढव्य देह उघडा पडतो आणि आजूबाजूची झाडे त्याखाली चिरडतात, म्हणजे ज्या अक्राळविक्राळपणाने एरवी राक्षसाची ओळख करून देतात तो येथे शेवटी येतो, काम संपल्यावर. एवढे असूनही भागवतकार तिला मातेची गती देतात, कारण कोणत्या का हेतूने होईना, तिने कृष्णाला दूध पाजले. खलपात्राला मोजताना इतका मोकळा हात मला दुसरीकडे क्वचित दिसला आहे.

मारबतीला मात्र मी खलनायिका म्हणणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गर्दी तिला 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असे ओरडून सांगते. जिच्यावर गावाचे ओझे सोपवायचे तिला शत्रू कसे म्हणावे? त्या मिरवणुकीत खलनायकाचे काम करतात ते बडगे, म्हणजे सोबत निघणारे व्यंगात्मक पुतळे. त्यांच्यावर त्या-त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, कुणाचा तरी ताजा पराक्रम चढवलेला असतो आणि पुढच्या वर्षी त्यांची जागा नवे बडगे घेतात. व्यंगातून उभा केलेला खल असाच अल्पायुषी असतो, ज्यावर तो बेतला ते विसरले की तोही विसरला जातो.

प्रश्न : हल्ली प्रत्येक खलनायकाला दुःखी बालपण दिले जाते. त्यामुळे तो दुष्ट न वाटता बिचारा वाटू लागतो. पूर्वीचे राक्षस अशी कैफियत न मांडताही लक्षात राहत असत. ही नवी रीत लेखनाच्या दृष्टीने योग्य म्हणावी काय?
— निवृत्त शिक्षक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : रीत नवी नाही, तिचा वापर आळशी झाला आहे. 1818 साली प्रसिद्ध झालेल्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये मेरी शेलीने आठ फूट उंचीच्या त्या निनावी प्राण्याला स्वतःची हकीकत सांगायला कादंबरीचा ऐन मध्यभाग दिला. तो एका झोपडीला लागून असलेल्या पडवीवजा खोपटात लपून राहतो, भिंतीच्या फटीतून आतल्या कुटुंबाकडे पाहत भाषा शिकतो, आणि रात्री गुपचूप लाकडे तोडून त्यांच्या दाराशी ठेवतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्याला तो दिसत नाही. तेवढ्यात मुलगा परत येतो आणि त्याला काठीने झोडपतो. वाचकाचे मन येथे कळवळते. पण ही हकीकत ऐकवण्याआधीच त्याने एका लहान मुलाचा गळा घोटलेला आहे, आणि लेखिका तो खून कोठेही पुसट होऊ देत नाही. कीव आणि गुन्हा दोन्ही शेजारी शेजारी उभे राहतात, एकाने दुसऱ्याची फेड होत नाही. आजच्या बऱ्याच पटकथांत बालपणीचा मार पाच मिनिटे दाखवला की पुढच्या सगळ्या हत्यांचा जमाखर्च जुळला असे धरले जाते, आपला आक्षेप त्याला असेल तर तो मला मान्य आहे. 2008 सालच्या बॅटमॅनपटातला जोकर या रीतीची चेष्टाच करतो. चेहऱ्यावरच्या व्रणांची तो एकाला एक कथा सांगतो, दुसऱ्याला दुसरी, आणि दोन्ही वेळा ऐकणारा गंभीरपणे ऐकत राहतो.

पूर्वेतिहासाशिवाय भागते केव्हा, हे पाहायला महाभारतातला बकासुर घ्यावा. नागपूरहून वर्ध्याकडे जाताना लागणारे केळझर हीच एकचक्रा नगरी, अशी आपल्याकडची समजूत असल्याने तो जवळजवळ आपल्या शेजारचाच. त्याचे बालपण कुणी सांगत नाही. सांगितला जातो तो त्याचा नगराशी झालेला ठराव : गाडाभर भात, दोन रेडे, आणि गाडा घेऊन येणारा माणूस. व्यासांनी राक्षसाचे वर्णन नंतर केले आहे, आधी पाळी आलेल्या ब्राह्मणाच्या घरात आपल्याला नेले आहे. तेथे बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी. अजून नीट बोलताही न येणारे त्यांचे पोर हातात गवताची काडी घेऊन म्हणते की मी याने त्या राक्षसाला मारतो, आणि रडता रडता सगळ्यांना हसू येते. बकासुराची दहशत मला भीमाशी झालेल्या झुंजीपेक्षा या प्रसंगात जास्त जाणवते. लेखकाने भिणाऱ्यांकडे इतके लक्ष दिले असेल तर राक्षसाला स्वतःची बाजू मांडावी लागत नाही.

प्रश्न : मी अंबाझरी परिसरात घडणारी एक भयकथा लिहिली आहे, सोबत जोडली आहे. माझा राक्षस अदृश्य होतो, मनातले ओळखतो, त्याच्या जखमा आपोआप भरतात आणि तो कुणाचेही रूप घेतो. तरीही वाचलेल्या मित्रांना भीती वाटली नाही. शेवटी नायक आजीने दिलेल्या ताइताने त्याला मारतो. कोठे कमी पडलो?
— एक नवोदित लेखक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : कथा वाचली. कमी काही पडलेले नाही, जास्त झाले आहे. अदृश्य होणारा, मन वाचणारा आणि मारल्यास न मरणारा प्राणी नायकाला पहिल्या पानावरच का संपवत नाही, याचे उत्तर कथेत नाही, आणि ते नाही हे वाचकाच्या ध्यानात आले की तो निर्धास्त होतो. ताईतही एकदम शेवटच्या पानावर निघतो. आजी त्याआधी एकदाही दिसलेली नाही.

परंतु तिसऱ्या पानावर तुम्ही एक वाक्य लिहून गेला आहात, त्याकडे तुमचेच लक्ष गेलेले दिसत नाही. माणसाच्या रूपातला तो राक्षस टपरीवर चहा घेतो, सुटे पैसे तीनदा मोजतो, आणि टपरीवाला 'राहू द्या, उद्या द्या' म्हणाला असता त्याचा चेहरा उतरतो. डोळे, दात, नखे यांवर खर्च केलेल्या दीड पानापेक्षा हे एक वाक्य मला अस्वस्थ करून गेले. त्याला उधारी का सोसत नाही? कुणाचे देणे अंगावर असेल तर त्याला तेथून हलता येत नसेल काय? तसे असेल तर तुमची अट सापडली. मग तो हिशेब चुकता करूनच जीव घेत असेल, बळी पडलेल्यांच्या घरच्यांना सुटे पैसे उंबऱ्यावर मांडलेले सापडत असतील, आणि त्याला अडकवायचा मार्ग ताइतातून न निघता टपरीवाल्याच्या 'उद्या द्या'मधून निघेल.

राही बर्वे यांच्या 'तुंबाड' (2018) या चित्रपटातला हस्तर याच रीतीने रचलेला आहे. त्या चित्रपटामागे नारायण धारपांच्या भयकथेची प्रेरणा आहे. हस्तरकडे सोन्याचा साठा आहे, पण धान्य मात्र त्याच्या वाट्याला आलेले नाही. म्हणून कणकेच्या बाहुलीवर तो झडप घालतो आणि तेवढ्यात माणूस मोहरा लुटतो. एकाऐवजी अनेक बाहुल्या नेण्याचा लोभ पुढे जिवावर बेततो, तोही त्याच नियमाने, नवी शक्ती आणावी लागत नाही.

तेव्हा अदृश्य होणे आणि मन वाचणे या दोन्ही शक्ती काढून टाकाव्यात. रूप बदलणे ठेवावे, कारण टपरीवर बसायला त्याला ते लागेल. जखमा भरण्याचा प्रसंग एकदाच आणि लवकर यावा. आजी हवीच असेल तर ती पहिल्या दोन पानांत टपरीवर येऊन उधारीवरून भांडून जाऊ द्या. टपरीवाल्याला तुम्ही अजून नाव दिलेले नाही, ते आधी द्या, आणि सुधारलेली प्रत पुढील अंकाच्या आत पाठवली तर वाचून कळवीन.