टुकोचं रिव्हॉल्व्हर रिकामं कसं झालं ('द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधल्या बंदुका)

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे या पिक्चरमधल्या तिघांच्या, म्हणजे ब्लाँडी, टुको आणि एंजल आइज यांच्या बंदुका खरंच त्या काळातल्या आहेत का, आणि दुसरं म्हणजे शेवटच्या तिघांच्या द्वंद्वाआधी ब्लाँडी रात्रीतून टुकोचं रिव्हॉल्व्हर रिकामं करतो ते टुकोला शेवटपर्यंत कळत कसं नाही. दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, पण त्याचं उत्तर पहिल्यात अडकलंय, त्यामुळे आधी पहिलाच घेतो. हा पिक्चर मी इतक्यांदा थांबवून थांबवून बघितलाय की आता गोष्टीपेक्षा लोकांच्या हातांकडेच लक्ष जातं.

काळ आधी पक्का करू. गोष्ट न्यू मेक्सिकोत घडते, अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडची, जनरल सिबलीची कॉन्फेडरेट फौज माघार घेतेय, म्हणजे साल १८६२. त्याच वर्षी जानेवारीत रिव्हॉल्व्हरवाला सॅम्युअल कोल्ट वारला. त्या वेळी साधारण माणसाच्या कमरेला जे रिव्हॉल्व्हर असायचं ते काडतुसाचं नव्हतंच, ते केपाचं होतं. आपल्याकडे कोकणात डुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक ठेवतात ना, आमच्या गावी लांज्याकडे एका काकांकडे होती, नळीत दारू घालायची, मग गोळी ठासायची आणि मागच्या निप्पलवर केप बसवायची, घोडा केपावर आपटला की बार. तेच काम सहा वेळा करा, म्हणजे सिलिंडरच्या सहा भोकांत समोरून दारू, वर गोळी, नळीखालच्या दांडीने दाबायची आणि मागे सहा केपं लावायची, की झालं १८५१चं कोल्ट नेव्ही भरून. काडतूस हा शब्द तेव्हा होता पण ते कागदाचं असायचं, १८५७च्या उठावाआधी ज्या चरबीच्या काडतुसांवरून भडका उडाला तीही कागदीच होती.

आता ब्लाँडीच्या हातातलं बघा. मॉडेल नेव्हीचंच आहे, साडेसात इंची नळी, वरून उघडी फ्रेम, पण ते पितळी काडतूस घेणारं आहे, म्हणजे जुनं केपाचं रिव्हॉल्व्हर नंतर काडतुसासाठी बदलून घेतलेलं. आणि हे १८६२मध्ये होऊच शकत नव्हतं. कारण रोलिन व्हाइट नावाच्या माणसाने १८५५मध्ये आरपार भोकं पाडलेल्या सिलिंडरचं पेटंट घेतलं होतं आणि ते स्मिथ अँड वेसन या बंदुकीच्या कंपनीला दिलं होतं, प्रत्येक नगामागे पंचवीस सेंट रॉयल्टी. सिलिंडरला मागून भोक नसेल तर मागून काडतूस घालणार कसं? त्यामुळे कोल्टसकट बाकी सगळ्यांचे हात बांधलेले होते. स्मिथ अँड वेसन स्वतः काडतुसाची रिव्हॉल्व्हरं विकत होते पण ती छोटी, ०.२२ आणि ०.३२ इंचाची. पेटंट संपलं १८६९मध्ये आणि कोल्टने जुन्या मॉडेलांची काडतुसवाली रूपं आणली ती त्यानंतर, १८७०च्या दशकात. म्हणजे ब्लाँडीचं हत्यार कमीत कमी नऊ-दहा वर्षं पुढचं आहे.

मला वाटतं ही चूक अज्ञानातून आलेली नाही. दिग्दर्शक लिओने बारकाव्यांच्या बाबतीत वेडा माणूस होता. पण शूटिंगच्या सेटवर केपाची बंदूक म्हणजे डोकेदुखी, फुटलेल्या केपाचे तुकडे यंत्रात अडकतात, परत भरायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि एका सीनचे दहा टेक घ्यायचे असतात, काडतुसवालं असलं की झाकण उघडून बार घाला आणि पुढचा टेक घ्या. शिवाय इटलीत ही गोष्ट हाताशी होती. ब्रेशियाजवळ गार्दोने व्हाल त्रोम्पिया नावाचं गाव आहे, बेरेटा ही बंदुकांची कंपनी तिथलीच, तिथे १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन यादवी युद्धाची शंभरी जवळ आल्यावर कोल्ट नेव्हीच्या नकला बनायला लागल्या. नवी कोरी, नीट चालणारी नेव्ही मिळत असताना कोण शंभर वर्षांची जुनी शोधत बसेल.

मुठीवरचा चांदीचा साप मात्र गोष्टीतला नाही, तो ब्लाँडी झालेल्या ईस्टवुडसोबत आलेला आहे. 'रॉहाइड' या टीव्ही मालिकेत तो वापरायचा तशा सापाच्या मुठी त्याने लिओनेच्या पहिल्या पिक्चरला, १९६४च्या, आणल्या, तेव्हा त्या १८७३च्या मॉडेलच्या कोल्टवर होत्या. या तिसऱ्या पिक्चरमध्ये काळ मागे गेला म्हणून रिव्हॉल्व्हर बदललं पण साप राहिला. हॉटेलच्या खोलीतला सीन आठवा, ब्लाँडी रिव्हॉल्व्हर सुटं करून साफ करत बसलाय, खाली रस्त्यावरून फौज चाललीय, त्या आवाजात जिन्यावरची पावलं लपलीत, आणि फौज अचानक थांबते तेव्हा टाचेच्या काट्यांचा आवाज त्याच्या कानावर पडतो. नेव्हीची नळी एका पाचरीवर टिकलेली असते, पाचर काढली की नळी आणि सिलिंडर दोन्ही हातात येतात. वरून बंद फ्रेम असलेल्या रिव्हॉल्व्हरवर हा सीन असा लिहिताच आला नसता.

ब्लाँडीची रायफल, जिने तो टुकोच्या गळ्यातला फास तोडतो, ती गोष्टीत हेन्री आहे. १८६०चं मॉडेल, ०.४४ इंचाची धातूची काडतुसं, नळीखालच्या नळकांड्यात एकावेळी सोळा. काडतूस रायफलीत चालायचं कारण व्हाइटचं पेटंट सिलिंडरच्या भोकाचं होतं, एकूण काडतुसाचं नव्हतं. पण पडद्यावर दिसते ती खरी हेन्री नाही, ती १८६६च्या विंचेस्टरची नक्कल आहे, पुढचं लाकूड काढून हेन्रीसारखी केलेली. हेन्रीच्या नळीला खाली लाकूड नसायचं, त्यामुळे भराभर बार काढले की डावा हात भाजायचा, विंचेस्टरने १८६६मध्ये लाकूड लावलं आणि बाजूने काडतूस घालायचं दारही दिलं. खरी हेन्री लोकांच्या हाती पोचायला लागली ती १८६२च्या उन्हाळ्यात, एकूण बनल्या चौदा हजाराच्या आसपास, त्यामुळे त्या वाळवंटात एका भटक्याकडे ती असणं अवघडच. दुर्बीण बसवलेल्या रायफली मात्र तेव्हा होत्या, त्यात खोटं काही नाही. (पुलाखाली लावलेला डायनामाइट हाही पुढचाच, नोबेलचं पेटंट १८६७चं.)

एंजल आइजकडे रेमिंग्टन आहे, आणि तिघांत काळाला सगळ्यात जवळचं तेच. त्याला १८५८चं म्हणतात ते नळीवर छापलेल्या पेटंटच्या तारखेमुळे, प्रत्यक्षात भरपूर बनलं ते युद्धाच्या काळात. सिलिंडरच्या वरून जाड पट्टी जाते, फ्रेम पूर्ण बंद, त्यामुळे कोल्टपेक्षा दणकट. थंड डोक्याच्या, पगारी खुन्याला हेच शोभतं. फक्त केपाचं रिव्हॉल्व्हर असून त्याचा पट्टा पितळी काडतुसांनी भरलेला दिसतो, ती काडतुसं त्याच्या काहीच कामाची नाहीत. शेवटच्या द्वंद्वात त्याच्या उजव्या हाताचा क्लोजअप येतो तेव्हा मधल्या बोटाचं टोक नाहीये ते नीट बघा, ते एंजल आइज झालेल्या ली व्हॅन क्लीफचं खरोखरच तुटलेलं होतं.

आणि टुको. त्याच्या रिव्हॉल्व्हरला होल्स्टर नाही, गळ्यात दोरी आणि दोरीला रिव्हॉल्व्हर. टुको झालेल्या एली वॉलॅकने सांगितलंय की लिओनेने त्याला खांद्याला झटका दिला की ते हातात येतं असं करून दाखवायला घेतलं आणि ते लिओनेलाच जांघेत लागलं, मग म्हणाला जाऊ दे, खिशात ठेव. वाळवंटातून चालत आल्यावर तो बंदुकीच्या दुकानात शिरतो तो सीन तर माझा सगळ्यात लाडका. टेबलावर चार-पाच रिव्हॉल्व्हरं मांडून घेतो, सुटी करतो, नळीला डोळा लावतो, सिलिंडर कानाशी धरून टिकटिक ऐकतो, एकाची नळी, दुसऱ्याचं सिलिंडर असं करत आपलं एक जुळवतो. वॉलॅकला बंदुकांमधलं काही कळत नव्हतं, लिओनेने त्याला तुला वाटेल ते कर असं सांगून कॅमेरा चालू ठेवला. तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर कोल्टचं सिलिंडर रेमिंग्टनच्या फ्रेममध्ये बसणार नाही, एका मॉडेलच्या दोन कोल्टांचे भाग मात्र बरेचसे बसतात. तरी मला तो सीन खोटा वाटत नाही, कारण त्यातून माणूस कळतो, हा फुकट घेणारा आहे पण घेईल ते पारखून. आणि शेवटी तो दुकानदाराकडे काडतुसं मागतो, म्हणजे त्याचंही रिव्हॉल्व्हर काडतुसाचंच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. खऱ्या १८६२च्या केपाच्या नेव्हीत भरलेल्या गोळ्या काढणं म्हणजे त्रास, दारूवर शिसं घट्ट ठासलेलं असतं, ते एकतर बार काढून रिकामं करायचं नाहीतर सगळं उघडून खरवडायचं. त्यात सोपी युक्ती एकच, मागची सहा केपं नखाने काढून टाकायची, मग घोडा नुसताच आपटेल. पण केपं नसली की मागून ते लगेच दिसतं. काडतुसवाल्यात घोडा अर्धा ओढा, बाजूचं झाकण उघडा, सिलिंडर फिरवत एकेक काडतूस दांडीने बाहेर ढकला, झाकण लावा, झालं. रिव्हॉल्व्हर टुकोच्या गळ्यातल्या दोरीला बांधलेलं असलं तरी तो झोपलेला असताना हे जमण्यासारखं आहे. म्हणजे पिक्चरमधली ती कालविसंगती, जिच्यावर लोक इतकं बोट ठेवतात, तिच्यामुळेच हा डाव पटण्यासारखा झालाय.

वजनावरून कळेल का? नेव्हीचं वजन जवळपास १.२ किलो, सहा काडतुसं गेली तर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर फरक पडतो. हातात तोलून बघितलं तर सवयीच्या माणसाला कदाचित कळेल. पण टुको त्याआधी काय करतोय बघा, पूल उडवलाय, रात्र तोफांच्या आवाजात काढलीय, सकाळी कब्रस्तान दिसल्यावर वेड्यासारखा धावत सुटलाय, एक-एक थडगं वाचत, रिव्हॉल्व्हर तोलायला त्याला वेळ कधी होता. दुकानात कानाला लावून एक-एक टिकटिक ऐकणारा माणूस त्या दिवशी एकदाही झाकण उघडून बघत नाही.

आता हे डोक्यात ठेवून द्वंद्व परत बघा, आणि या वेळी फक्त ब्लाँडीचे डोळे बघा. टुकोची नजर दोघांवर भिरभिरतेय, एंजल आइजचीही तीच गत, कारण त्यांच्या हिशेबात समोर दोन भरलेली रिव्हॉल्व्हरं आहेत. ब्लाँडीच्या हिशेबात एकच.