जुनी पिकअप घेताना आधी काय बघावं?

बीडला २०१७ ची बोलेरो पिकअप बघून ठेवलीय, टोकन देऊ का, असं विचारलंय. थांबा जरा.

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याचा आरटीओचा दाखला) अन् विमा किती तारखेपर्यंत ते कळेल. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी लागतं. संपलं असेल तर तो खर्च भावातून कापा. ‘कर्ज फिटलंय’ हे तोंडी कुणीही सांगतं. बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, अन् सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा कागद) हातात पडल्याशिवाय रुपया सोडू नका. चलानं थकली असतील तर तीही मालकालाच भरायला लावा.

आता खरं काम. आपल्याकडं या गाड्यांनी ऊस, खडी, काय वाटेल ते पासिंगच्या, म्हणजे कागदावर मंजूर वजनाच्या, वर वाहिलेलं असतं. म्हणून जुने कपडे घालून गाडीखाली शिरा. पाट्यांच्या (वजन पेलणाऱ्या लोखंडी स्प्रिंगांच्या) हँगरजवळ, जिथं ते चेसिसला म्हणजे गाडीच्या सांगाड्याला अडकतात, तिथं ताजा काळा रंग फासलेला दिसला, तर नखानं खरवडा. खाली वेल्डिंग निघालं की चहा पिऊन घरी या. मी चकचकीत हौद्याला भुललो होतो, सोयाबीनच्या पहिल्याच खेपेला पाटा तुटला!

अन् जाल ते सकाळी, न कळवता. बोनेट आधीच गरम लागलं तर शंका घ्या, इंजिन थंड असताना गाडी सहज चालू होत नसेल.