डेबियन १३ करताना एसएसएच तुटलं : आधी री-इन्स्टॉलवरचा हात काढा

भाड्याच्या व्हीपीएसवर (होस्टिंग कंपनीकडचा आभासी सर्व्हर) डेबियन लिनक्स १२ चं १३ करत होतात, मध्येच नेट गेलं, आता एसएसएच (सर्व्हरवर दुरून शिरायची सोय) जोडायला गेलं की क्षणात तुटतं, आणि होस्टिंगवाले सांगतायत 'पॅनेलमधून री-इन्स्टॉल करा'. डिट्टो माझी केस. ते बटण दाबू नका. डेटा बहुतेक जागच्या जागी आहे.

झालंय काय, तर ओपनएसएसएच या एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्रामच्या ९.८ आवृत्तीपासून सर्व्हरचे दोन तुकडे झाले : एक फक्त दार उघडतो, आलेली जोडणी दुसरा सांभाळतो. १२ मधला ९.२ प्रत्येक नव्या जोडणीला डिस्कवरची स्वतःचीच फाइल पुन्हा चालवतो. अपग्रेडमध्ये ती फाइल नवी झाली, मेमरीत मात्र जुनाच बसलाय. दोघांचं जमत नाही. १२ साठी यावर दुरुस्ती आली होती (आवृत्तीच्या शेवटी डेब१२यू७ असलेली), म्हणून ॲप्टचे सोर्स (पॅकेजेस कुठून घ्यायची ती यादी) १३ कडे बदलण्याआधी १२ पूर्ण अद्ययावत करून घ्यायचं असतं. असो, ते पुढच्या वेळी.

आता सपोर्टबद्दल. कंपनीचं नाव घेत नाही. मी तिकिटात स्पष्ट लिहिलं होतं की अपग्रेड अर्धवट आहे, मशीनला हात लावू नका, फक्त कन्सोल (ब्राउझरमधून थेट मशीनचा स्क्रीन) द्या. पहिलं उत्तर आलं ते 'सर, वी हॅव रीबूटेड' असं! रीबूटने एसएसएच कधीकधी परत येतंही, पण अर्धी पॅकेजेस उघडलेली असताना तो शुद्ध जुगार. माझं तर नेटवर्कच उठलं नाही. पुढे 'अनमॅनेज्ड प्लॅन आहे' म्हणून तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. रेस्क्यू मोड (वेगळ्या छोट्या सिस्टिमवरून मशीन सुरू करून आपली डिस्क दुरुस्त करायची सोय) पॅनेलमध्येच होता, एका मेनूच्या आत दडलेला. तो आहे एवढंही कुणी सांगितलं नाही. पैसे घेताना बरे फोन येतात.

तर रेस्क्यू शोधा. रूटचा पासवर्ड ठेवला असेल तर वेब कन्सोल पुरेल. पासवर्डाशिवाय नुसत्या एसएसएच-कीवर चालवत असाल तर रेस्क्यूच. डिस्क माउंट, बूट वेगळं असेल तर तेही, डेव्ह-प्रॉक-सिस बाइंड, क्रूट (म्हणजे रेस्क्यूमधून आपल्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरणं). मग पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामचं 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', नंतर 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', नंतर फुल-अपग्रेड. कॉन्फिग फाइल तुमची ठेवू की नवी, असं विचारलं तर एसएसएचच्या बाबतीत मी तुमचीच ठेवा म्हणेन. (तुमचं पार्टिशन मी पाहिलेलं नाही. एलव्हीएम किंवा एन्क्रिप्शन असेल तर पायऱ्या वाढतील. जमलं तर आधी स्नॅपशॉट.)

या चर्चेत वर कुणीतरी लॉक फाइल (एका वेळी एकच डीपीकेजी चालावं म्हणून असलेली) उडवायला सांगितलंय. कन्सोलवरून शिरलात तर कृपया नको. आधी डीपीकेजी अजून चालू आहे का ते पाहा. चालू असताना लॉक काढून दुसरं चालवलं तर पॅकेजांच्या नोंदींचाच विचका होतो.

पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर जाता जाता : त्याच्या नव्या १७ आवृत्तीसोबत रिकामा क्लस्टर (डेटाबेसचा स्वतंत्र संच) ५४३३ पोर्टवर येतो, तुमचा १५ मधला डेटा ५४३२ वरच असतो. रिकामं दिसलं म्हणून १५ पर्ज करू (पूर्ण पुसू) नका.

आणि टीमक्सशिवाय (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) रिमोट अपग्रेड करणाऱ्यांना मी तरी धाडसीच म्हणतो.

क्रूटमध्ये पोचलात की ॲप्टच्या टर्म लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी इथे टाका. नेमकं कुठल्या पॅकेजवर अडलंय ते पाहून पुढचं सांगतो.