मस्करीची कुस्करी: कामाच्या जागची थट्टा आणि जबाबदारी

या अंकात कामाच्या जागी थट्टामस्करीतून झालेल्या इजांविषयी आलेली पत्रं घेतली आहेत. उत्तरं कारखाना-सुरक्षेचं काम पाहणारे अभियंते आणि कामगार कायद्याच्या वकील यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर आहे. शिफ्ट सुटताना पोरं एअर गननं (कॉम्प्रेसरची दाबाखालची हवा सोडणाऱ्या पिस्तुलानं) अंगावरची धूळ उडवतात आणि त्याच नादात एकमेकांच्या पार्श्वभागावर हवेचा झोत मारतात. कपडे अंगावर असतात, गन टेकवलेलीही नसते. ओरडलं की म्हणतात, ‘साहेब, नुसती हवा आहे.’ हे खरंच इतकं धोक्याचं आहे का?

जीवघेणं आहे. गेल्या काही वर्षांत पुण्यात आणि बंगळुरूमध्ये याच ‘गमती’त माणसं मेली आहेत आणि त्याचे गुन्हे दाखल झाले आहेत.

आकडे पोरांसमोर ठेवा. शॉपमधल्या हवेच्या लाइनला साधारण 6 ते 7 बार दाब असतो, म्हणजे 90 ते 100 पीएसआय (दर चौरस इंचावर तितके पौंड). मोटारीच्या टायरमध्ये 30 ते 35 पीएसआय हवा असते. माणसाचं मोठं आतडं फाटायला सुमारे 4 पीएसआय पुरतात. शिवाय 3 मिलिमीटरच्या नोझलमधून या दाबाला सेकंदाला जवळजवळ 10 लिटर हवा बाहेर पडते. पोरगा दचकून बाजूला होईपर्यंत जो एक सेकंद जातो, तेवढ्यात सगळं होऊन गेलेलं असतं. कापड हवा अडवत नाही. नोझल आत घालावं लागतं हाही गैरसमज आहे. जवळून मारलेला झोत गुदद्वाराचा स्नायू उघडतो, हवा आत शिरते, मग तोच स्नायू आवळला जातो आणि हवेला परत यायला वाट उरत नाही. आतडं बहुधा गुदाशयाच्या वरच्या वळणाशी फाटतं आणि हवेबरोबर मळही पोटाच्या पोकळीत जातो.

अंगावरची धूळ हवेनं उडवणं हेच मुळात बंद करायला हवं, कारण या थट्टेची सुरुवात तिथूनच होते. धातूचे कण (चिप्स) डोळ्यात जातात, कानाजवळ झोत गेला तर पडदा फाटतो, हातावर जखम असेल तर हवा कातडीखाली शिरते. अमेरिकेच्या नियमात सफाईसाठी वापरायच्या हवेचा दाब नोझल बंद झालं तरी 30 पीएसआयच्या आत राहिला पाहिजे, असं बंधन आहे. म्हणजे सुमारे 2 बार. हे जरूर करा: गनच्या लाइनवर दाब कमी ठेवणारा वेगळा रेग्युलेटर बसवा, 2 बारला लावा, त्याची मूठ कुलूपबंद करा आणि बाजूला भोकं असलेलं सेफ्टी नोझल घ्या. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. 30 पीएसआय म्हणजेही आतड्याला सोसतं त्याच्या सातपट. रेग्युलेटरनं चिप्सच्या इजा कमी होतात, या थट्टेतला धोका संपत नाही.

ही मस्करी शेवटच्या दहा मिनिटांत होते. मशीनचे फिरते दांडे (स्पिंडल) थांबलेले असतात, हात रिकामे असतात आणि लाइनमध्ये हवा मात्र चालू असते. म्हणून एअर गनची शाखा मुख्य हेडरपासून (सगळ्या यंत्रांना हवा पुरवणाऱ्या मोठ्या नळीपासून) वेगळी काढा, तिच्यावर बॉल व्हॉल्व्ह बसवा आणि भोंग्याच्या दहा मिनिटं आधी तो बंद करून कुलूप लावण्याचं काम एका नेमक्या माणसाकडे द्या. मुख्य हेडर बंद करू नका. सीएनसीचे (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे) चक आणि टूल क्लॅम्प, म्हणजे जॉब आणि हत्यार धरणाऱ्या पकडी, त्याच हवेवर असतात, दाब गेला तर जॉब सुटून वेगळाच अपघात व्हायचा. बाहेर जायच्या वाटेवर एक औद्योगिक व्हॅक्यूम आणि दोन ब्रश ठेवा. धूळ झटकायची सोय नसेल तर पोरं पुन्हा गनकडेच जाणार.

आणि तुमच्याविषयी थोडं. तुम्ही ओरडता हे चांगलंच आहे, पण तोंडी ओरडणं कुठे नोंदलं जात नाही. आजच टूलबॉक्स टॉक (कामाच्या जागीच घ्यायची छोटी सुरक्षा-बैठक) घ्या, वरचे आकडे सांगा, हजेरीवर प्रत्येकाची सही घ्या आणि रेग्युलेटर-व्हॉल्व्हची मागणी लेखी द्या. उद्या काही घडलं तर ‘सुपरवायझरला माहीत होतं’ हेच पहिलं वाक्य पुढे येईल. त्या वेळी तुम्ही काय केलं होतं, हे कागदावरच दिसेल.

प्रश्न : आमच्या वाळूजच्या युनिटमध्ये मी प्रथमोपचारक आहे. असा प्रकार घडलाच तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

पोट फुगून टणक झालं असेल, दुखत असेल किंवा श्वास लागत असेल, तर आतडं फाटलं आहे असं धरूनच चाला. पोटातली हवा छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला खालून रेटते, म्हणून दम लागतो. रुग्णाला अर्धवट बसतं ठेवा, कंबरेचा पट्टा सैल करा. तोंडानं काहीही देऊ नका, पाण्याचा घोटसुद्धा नाही, कारण ऑपरेशन लागण्याची शक्यता मोठी आहे. हवा काढायला म्हणून पोट दाबणं, चोळणं, एनिमा देणं किंवा जुलाबाचं औषध देणं हे सगळं घातक आहे. जवळच्या दवाखान्यात वेळ घालवू नका. जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर आहे तिथेच न्या, आणि निघतानाच फोन करून कळवा.

बहुतेक वेळा घोटाळा इथून पुढे होतो. सोबतचे सहकारी घाबरून डॉक्टरांना ‘पडला’ किंवा ‘काहीतरी खाल्लं’ असं सांगतात. रुग्ण स्वतःही लाजेपायी बोलत नाही. मग गॅसवरचं इंजेक्शन मिळतं आणि ऑपरेशनला लागणारे मोलाचे तास वाया जातात. सोबत जाणाऱ्यानं एवढंच वाक्य बोलायचं: ‘इतक्या वाजता, इतक्या बारच्या लाइननं मागून हवा गेली आहे.’ एवढं कळलं की डॉक्टर उभ्या स्थितीतला एक्स-रे काढतात आणि पडद्याखाली साठलेली हवा त्यात दिसते. सुरुवातीला बरं वाटत असलं तरी घरी सोडू नका. बारीक छिद्र असेल तर ताप आणि पोटातला जंतुसंसर्ग काही तासांनी डोकं वर काढतो.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस आहे. सीनिअर मुलांनी चार्ज केलेला, म्हणजे वीज साठवलेला, कपॅसिटर ‘झेल’ म्हणून त्याच्याकडे फेकला. झटक्यानं तो स्टुलावरून पडला, मनगट मोडलं. कंपनी म्हणते, पोरांची आपसातली भानगड आहे, आमचा संबंध नाही. तक्रार केली तर सर्टिफिकेट अडकवतील अशी भीती वाटते.

कंपनीचा संबंध आहे आणि तो एका नाही, अनेक बाजूंनी आहे.

अप्रेंटिसशिप कायदा 1961 चा आहे. कारखान्यातल्या कामगाराला आरोग्य आणि सुरक्षेचं जे संरक्षण मिळतं ते अप्रेंटिसलाही लागू होतं, असं त्याच्या कलम 14 मध्ये आहे. कलम 16 प्रमाणे प्रशिक्षणातून आणि प्रशिक्षणादरम्यान झालेल्या अपघाती इजेची भरपाई मालकानं द्यायची असते. या कायद्याखालचे अप्रेंटिस ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) ‘कर्मचारी’ या व्याख्येतून वगळलेले आहेत. तेव्हा ‘ईएसआयकडे जा’ असं सांगून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. मुलगा 48 तासांहून जास्त कामावर जाऊ शकलेला नाही, म्हणजे अपघाताची सूचना कंपनीनं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायला हवी होती. ती दिली का, हे लेखी विचारा.

फेकणाऱ्यांची जबाबदारी वेगळी आहे आणि ती कंपनीच्या जबाबदारीत विरून जात नाही. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. हलगर्जीपणे दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालून गंभीर दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘फक्त मजा करायची होती’ यामुळे जाणूनबुजून मारहाणीचा आरोप टळेल कदाचित, पण हलगर्जीपणाचा आरोप टळत नाही. फक्त एक बघा: फेकणारीही विशी-बाविशीतली पोरं आहेत. पोलिसांत जायचं की नाही हा निर्णय तुमचा आणि मुलाचा. भरपाई मात्र त्यावर अवलंबून नाही.

कपॅसिटर ‘एवढासा’ म्हणून कुणी विषय उडवून लावेल, तर हा हिशोब सांगा. 230 व्होल्टच्या सप्लायचं शिखर सुमारे 325 व्होल्ट असतं. 50 मायक्रोफॅरडचा मोटर कपॅसिटर त्या व्होल्टेजला चार्ज झाला तर त्यात साधारण 2.6 ज्यूल ऊर्जा साठते, घरच्या पंख्यातल्या अडीच मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरच्या वीसपट. निरोगी माणसाचं हृदय यानं सहसा थांबत नाही, पण हात झटकला जातो आणि माणूस तोल जाऊन पडतो. स्टूल, शिडी किंवा चालू मशीन जवळ असेल तर खरी इजा त्या पडण्यानं होते. तुमच्या मुलाचं तेच झालं.

चार्ज केलेला कपॅसिटर टेबलावर पडलेला असणं हीच त्या वर्कशॉपची चूक आहे. काढलेला कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचा, म्हणजे त्यातली वीज काढून टाकायची: होल्डरमध्ये 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब, त्याला इन्सुलेटेड टोकांच्या दोन वायर, त्या पाच-दहा सेकंद टर्मिनलला लावायच्या, मग मल्टिमीटरनं शून्य बघायचं आणि टर्मिनलवर तारेचा तुकडा बांधून ठेवायचा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणं म्हणजे डिस्चार्ज नव्हे. त्यानं टर्मिनल जळतं आणि वितळलेला धातू डोळ्यात उडू शकतो.

सर्टिफिकेटची भीती आम्हाला समजते. पण अप्रेंटिसचा करार नोंदलेला असतो आणि मालकाला तो मनाला येईल तेव्हा मोडता येत नाही, त्यासाठी अप्रेंटिसशिप सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याकडे जावं लागतं. तक्रारीची एक प्रत त्याच कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच असली की दबाव आणणारे बहुधा नरमतात.

प्रश्न : ठाण्यात ऑफिसमध्ये मी जेवायला गेले असताना सहकाऱ्यांनी माझ्या मेलवरून साहेबांना राजीनामा पाठवला. सगळे हसले, पण एचआरनं तो खरा धरला. आता?

त्याच मेलला लगेच उत्तर द्या: हा मजकूर मी लिहिलेला नाही, मी राजीनामा दिलेला नाही. मूळ मेल डिलीट करू नका. त्या वेळचं लॉगिन रेकॉर्ड आणि कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवा, असं आयटी विभागाला लेखी कळवा. कॅमेऱ्यावरचं जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. तुम्ही न दिलेला राजीनामा ‘स्वीकारण्याचा’ प्रश्नच येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी (दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरण्याचा गुन्हा) इथे लागू होईल असं काही जण सांगतील. त्यात अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागतो, म्हणून आधी शिस्तभंगाची तक्रार करा. मेलमध्ये किंवा नंतरच्या हसण्यात बाई म्हणून काही टोमणा असेल तर लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत जा. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबून स्क्रीन लॉक करायची सवय लावा.

प्रश्न : भोसरीत माझा 60 माणसांचा लघुउद्योग आहे. एका ऑपरेटरनं हेल्परच्या पायात पाय घालून त्याला पाडलं, खुबा दुखावला. तो ऑपरेटर मस्करीखोर म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण कामाला एक नंबर. माझी जबाबदारी नेमकी कुठे सुरू होते?

‘सगळ्यांना माहीत आहे’ या शब्दांपाशीच.

इंग्लंडमध्ये 1957 साली हडसन विरुद्ध रिज मॅन्युफॅक्चरिंग या खटल्यात जवळपास हेच घडलं होतं. एका कामगाराला वर्षानुवर्षं सहकाऱ्यांना पाडायची खोड होती, फोरमन वारंवार समज देत होता, त्यापुढे काही होत नव्हतं. मनगट दुखावलेल्या कामगाराला मालकानं भरपाई द्यावी, असा निकाल लागला, कारण धोका माहीत असून तो दूर केला नव्हता. त्याआधी 1951 मध्ये, स्मिथ विरुद्ध क्रॉसली ब्रदर्स या खटल्यात, अप्रेंटिसांनी दुसऱ्याच्या गुदद्वारात हवेचा पाइप लावला होता. तिथे मालक सुटला, कारण असं काही होईल याचा अंदाज त्याला येणं शक्य नव्हतं, असं कोर्टानं मानलं. 2022 साली टारमॅक कंपनीविरुद्धच्या चेल खटल्यातही कंपनी सुटली. तिथे एकानं कंत्राटी फिटरच्या कानाजवळ दोन स्फोटक गोळ्या ठेवून हातोडा मारला होता आणि त्याचा कानाचा पडदा फाटला होता. हे निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाहीत, पण प्रश्न तोच विचारला जातो: मालकाला कल्पना होती का, आणि असायला हवी होती का? हवेच्या पाइपच्या इतक्या बातम्या येऊन गेल्यावर ‘कल्पना नव्हती’ हे आज आपल्याकडच्या कुठल्याही कारखानदाराला म्हणता येईल असं आम्हाला वाटत नाही.

तुम्हाला तर कल्पना होतीच. तेव्हा हेल्परचा उपचार आणि पगार आधी पाहा, ईएसआयचा अपघात अहवाल भरा. पाहणाऱ्यांचे जबाब वेगवेगळे घ्या, एकत्र बसवून घेऊ नका. हेल्परनं ‘जाऊ दे साहेब’ म्हटलं तरी चौकशी थांबवू नका. त्याला उद्या त्याच मशीनवर त्याच माणसाच्या हाताखाली काम करायचं आहे, म्हणून तो तसं म्हणतो. ऑपरेटरला लेखी आरोपपत्र द्या, उत्तराला मुदत द्या आणि मगच शिक्षा ठरवा. आदर्श स्थायी आदेशांत (कामगारांच्या सेवाशर्ती आणि शिस्तीच्या सरकारी नमुना-नियमांत) कामाच्या वेळातलं दंगेखोर, बेशिस्त वर्तन हे गैरवर्तनात धरलेलं आहे, तुमच्या युनिटच्या सेवाशर्तींतही ते लिहून घ्या. चौकशीपर्यंत निलंबित केलंत तर, स्थायी आदेश लागू असतील तिथे, पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून द्यावा लागतो. रागाच्या भरात तडकाफडकी काढलंत तर तो कोर्टातून परत येईल आणि हेल्परची बाजू तिथेच लंगडी पडेल.

त्या वेळी बाजूला उभा राहून हसणारा सुपरवायझर होता का, तेही विचारा. असेल तर दुसरं आरोपपत्र त्याच्या नावानं निघायला हवं.